वाकडचे गाणे बसणार कोठे?

चैत्री पौर्णिमेस, म्हणजे हनुमान जयंतीच्या दिवशी, म्हातोबाचे बगाड हिंजवडीहून वाकडला आणले जाते. ढोलाचा ठोका पडतो, 'म्हातोबाच्या नावानं चांगभलं' हा घोष उठतो, आणि एरवी मोटारींच्या रांगांखेरीज दुसरे काही न पाहणारा हा रस्ता त्या दिवसापुरता पुन्हा गावाचा होतो. ज्याने हे दृश्य एकदा पाहिले असेल त्यास या भागातील माणसाचे वाद्याशी असलेले नाते निराळे समजावून सांगावे लागणार नाही. परंतु यात्रेचा दिवस सरल्यावर पुढे काय? उरलेल्या वर्षात वाकडमध्ये गाणे नसते काय? असते, पुष्कळ असते. त्यास बसावयास मात्र जागा नाही. रस्ते, पाणी आणि कचरा हे विषय सोडून आम्ही पहिल्या पानावर गाण्याविषयी लिहीत आहोत, याचे काही वाचकांस नवल वाटेल. त्यांनी हा लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती.

वाकड 1997 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आले. त्यापूर्वी मुळा नदीच्या काठचे हे एक शेतीचे गाव होते. 'वाकडी वाट केल्यावाचून वाकडला कोणी जात नाही' ही थट्टा त्या काळी खपून जात असे. पुढे बाह्यवळणाचा महामार्ग झाला, शेजारी हिंजवडीस माहिती तंत्रज्ञानाची नगरी उभी राहिली आणि सारीच वाट सरळ झाली. 2001 साली सुमारे दहा लाख असलेली महापालिकेची लोकसंख्या 2011च्या जनगणनेत 17 लाखांच्या वर गेली. या वाढीचा मोठा वाटा वाकडसारख्या कडेच्या गावांनी उचलला. येथे घरे वाढली, दुकाने वाढली, मंगल कार्यालये तर फारच वाढली. चार माणसांनी सायंकाळी एकत्र बसून काही ऐकावे, अशी सार्वजनिक जागा मात्र देवळाच्या सभामंडपापुढे गेली नाही.

त्या सभामंडपापासूनच आरंभ करू. गावठाणातील भजन ऐकण्याचा योग नव्या वस्तीतील फार थोड्यांस आला असेल. देहू आणि आळंदी ही दोन्ही क्षेत्रे येथून दिवसाच्या चालीवर आहेत, तुकोबांची पालखी दर वर्षी आकुर्डीस मुक्काम करते, आणि या पंचक्रोशीतील भजनाची रीत त्या वाटेवरच घडली आहे. पखवाजाच्या डाव्या तोंडास भिजविलेली कणीक लावून स्वर जमेपर्यंत कोणी घाई करीत नाही. आधी नामघोष, मग रूपाचे अभंग, मग रात्र जसजशी चढेल तसे इतर अभंग आणि गौळणी. सप्ताह असला की वीणा सात दिवस जमिनीवर टेकवावयाची नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि पहाटे तीनच्या पहाऱ्यासही कोणी तरी उभा असतोच. या मंडळींतील बहुतेकांस रागाचे नाव विचारल्यास सांगता येणार नाही. चाल चुकली तर मात्र ते तत्क्षणी ओळखतात. ही तालीम कोणत्याही विद्यालयाने दिलेली नाही. ती बसल्या जागी, वडीलधाऱ्यांच्या मागे बसून मिळालेली आहे. आणि जागा गेली की अशी तालीमही जाते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

दुसरीकडे नव्या वस्तीत घरोघरी गाणे शिकविले जात आहे. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 5 मे 1901 रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा गाणे घराण्याच्या उंबरठ्याबाहेर काढून सामान्य गृहस्थाच्या घरी न्यावे, हा त्यांचा हेतू होता. तो हेतू सदनिकांच्या दिवाणखान्यांत एका परीने सफल झाला आहे. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या मुले चढतात. परंतु या मुलांचे गाणे ऐकतो कोण? शिक्षक, आईवडील आणि वर्षातून एकदा परीक्षक! पाचसहा वर्षे शिकलेल्या मुलीस परका श्रोता म्हणून परीक्षकाखेरीज कोणी भेटलेलाच नाही, असे आम्ही पाहिले आहे. ज्याने कधी वर्गावर शिकविले आहे त्यास ठाऊक असते की, गुरुजींपुढे म्हटलेली कविता आणि वर्गापुढे म्हटलेली कविता या एक नव्हेत. दुसरीत मुलाचा आवाज प्रथम कापतो आणि मग त्याचा स्वतःचा होतो. गाण्यास हा नियम दुपटीने लागू आहे.

याखेरीज ध्वनिमुद्रित वाद्यमेळावर चित्रपटगीते म्हणणाऱ्या हौशी मंडळींची संख्या मोठी आहे. या कराओके प्रकाराकडे आम्ही बराच काळ नाक मुरडून पाहिले, हे कबूल केले पाहिजे. दिवसभर यंत्रापुढे बसून आलेला मनुष्य सायंकाळी एखादे जुने गीत नीट बसविण्यासाठी महिनाभर खपतो, यात हसण्यासारखे काही नाही. बंगाली कुटुंबांच्या पूजेतील ढाक, ओणमाच्या वेळची केरळीय चेंडा, छठपूजेस नदीच्या घाटावर बिहारी स्त्रिया म्हणतात ती गाणी, हेही आता या शहराचेच सूर आहेत. ते परस्परांच्या कानी पडत नाहीत, कारण प्रत्येक जण आपापल्या कुंपणाच्या आत गातो.

आता ढोलाविषयी. पुण्यातील मध्यमवर्गीय तरुणांच्या हाती ढोल दिला तो प्रामुख्याने ज्ञान प्रबोधिनीच्या अप्पा पेंडसे यांनी. पुढे त्यातूनच पथकांची परंपरा वाढली. परंतु तो ढोल मूळचा मुळशी-मावळच्या खेड्यांतला, म्हणजे आपल्याच दाराशी वाजणारा. आज हिंजवडीतील अभियंते आणि गावातील मुले एकाच पथकात एकाच ठोक्यावर उभी राहतात, ही गोष्ट आम्हांस मोठ्या मोलाची वाटते. दोन्ही वस्त्या जेथे खरोखर एकत्र येतात अशी दुसरी जागा सांगणे कठीण आहे. असे असूनही सरावाच्या दिवसांत ही पथके मोकळा भूखंड शोधीत हिंडतात, कोठे तरी वाजवू लागतात, आणि शेजारच्या इमारतीतील आजारी वृद्ध किंवा परीक्षेस बसलेला विद्यार्थी तक्रार करतो. तक्रार करणाऱ्याची बाजू खरी असते. वाजविणाऱ्याचीही खोटी नसते.

येथे मूळ मुद्दा येतो. वाकडमधील गोंगाट आणि वाकडमधील गाण्याची उपेक्षा या दोन निरनिराळ्या तक्रारी नाहीत. गाण्यास खोली नसली की ते रस्त्यावर येते. रस्त्यावर आले की वाहनांच्या आवाजावर मात करण्यासाठी ध्वनिक्षेपक लागतो. एकाने लावला की दुसऱ्यास त्याहून मोठा लावावा लागतो. शंभर श्रोत्यांसाठी सुरू झालेला कार्यक्रम मग हजारांच्या कानांवर आदळतो, आणि ज्या शंभरांसाठी तो होता त्यांसही त्यातले गाणे ऐकू येत नाही. इमारतींच्या वाहनतळात होणाऱ्या कार्यक्रमांची अवस्था याहून निराळी नाही. खाली फरशी, वर काँक्रीट, मध्ये खांब. निवेदकाचा एक शब्द तीन वेळा ऐकू येतो आणि तबल्याचे बोल तर एकमेकांत मिसळूनच जातात.

ध्वनिप्रदूषणाविषयीचे सन 2000चे नियम सर्वांस ठाऊक आहेत. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. हे नियम योग्य आहेत आणि ते कठोरपणे पाळले गेले पाहिजेत, असे आमचे मत आहे. तथापि त्याच नियमांत एक अपवाद आहे, तो फारसा कोणी वाचलेला दिसत नाही. बंदिस्त सभागृहात, आतल्या श्रोत्यांपुरता ध्वनी ठेवून, रात्रीही कार्यक्रम करता येतो. म्हणजे कायद्याने गाण्यावर बंदी घातलेली नाही. भिंतीवाचून गाण्यावर घातली आहे. 1953 साली भीमसेन जोशी यांनी सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्र जागवून पहाटेपर्यंत चालत असे. या नियमांनंतर त्यास आपल्या वेळा बदलाव्या लागल्या. मांडवाखाली दरबारी किंवा मालकंस आता घड्याळाकडे पाहतच गावा लागतो. ज्यास रात्रीचे राग रात्री ऐकावयाचे असतील त्यास चार भिंती आणि एक छप्पर हवेच.

यावर कोणी म्हणेल की, शहरात नाट्यगृहे काय थोडी आहेत? चिंचवडास रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आहे, पिंपरीस आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, भोसरीस अंकुशराव लांडगे नाट्यगृह, पिंपळे गुरवास निळू फुले रंगमंदिर आणि निगडीस ग. दि. माडगूळकर नाट्यगृह आहे. ही पाचही वास्तू शहरास भूषण आहेत. परंतु ती नाटकासाठी बांधलेली मोठी घरे आहेत. गावठाणातील भजनी मंडळाने किंवा मध्यमेच्या विद्यार्थिनीने शेकडो रिकाम्या खुर्च्यांपुढे बसून काय करावयाचे? आणि त्यासाठी भाडे भरावयाचे कोणी? शिवाय सायंकाळच्या वाहतुकीतून वाकडहून भोसरीस जाऊन परत यावयाचे म्हणजे गाण्यापेक्षा प्रवासच मोठा! वाकडला सहावे नाट्यगृह नको. अडीचशे माणसे बसतील असे एक साधे, नीट बांधलेले श्रवणगृह हवे.

'नीट बांधलेले' हे शब्द आम्ही जाणून वापरले आहेत. 1895 साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एक नवे व्याख्यानगृह प्रतिध्वनीमुळे निरुपयोगी झाले होते. एकदा काढलेला ध्वनी पाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या रात्री वाहून आणल्या, त्या थोड्या थोड्या मांडून ध्वनी किती वेळात विरतो हे मोजले, आणि त्यातून सभागृहाच्या ध्वनीचे शास्त्र उभे राहिले. गाद्या, जाड पडदे, लाकडी फळ्या, जाजमे आणि बसलेली माणसे हीच त्यातली औषधे. यांतील एकही वस्तू महाग नाही. महाग पडते ते आधी गुळगुळीत फरशी आणि काच लावून घेणे व नंतर पस्तावणे.

गाणे मोठ्या नगरीतच पोसले जाते, हाही एक भ्रम आहे. मिरज काही महानगर नव्हे. तेथे उस्ताद अब्दुल करीम खाँ स्थायिक झाले, आणि 1937 साली ते निवर्तल्यापासून मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांच्या स्मरणार्थ गायक दर वर्षी हजेरी लावीत आले. तेथील तंतुवाद्यांच्या कारागिरांची सतार आणि तानपुरा यांस 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. उत्तरेकडे जळगाव पाहा. नारायण राजहंस यांस लहानपणी तेथेच महबूबखाँची तालीम मिळाली. त्या जळगावात वसंतराव चांदोरकरांच्या स्मृतीस वाहिलेली संस्था बालगंधर्व संगीत महोत्सव भरविते. केळीच्या आणि सुवर्णाच्या व्यापाराचे गाव दरसाल गाण्यासाठी वेळ काढते. जवळचेच उदाहरण हवे असेल तर चिंचवडास मोरया गोसावींच्या समाधी महोत्सवात मार्गशीर्षात गाणे होते, त्यास जावे. मिरजेत दर्गा, जळगावात संस्था, चिंचवडात देवस्थान. प्रत्येक ठिकाणी गाण्याची जबाबदारी कोणी तरी आपली मानली आहे. वाकडमध्ये ती कोणाचीच नाही.

राहता राहिला पैशाचा आक्षेप. 2019च्या नोव्हेंबरात या शहरास दिवसाआड पाणी सुरू झाले. उन्हाळ्यात टँकरच्या रांगा उभ्या राहतात, आणि हिंजवडीचा रस्ता ओलांडताना मनुष्य देवाचे नाव घेतो. अशा स्थितीत श्रवणगृह मागणे काही जणांस चैन वाटेल. आधी पाणी, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु मोठमोठी प्रवेशद्वारे, कारंजी आणि वर्षभरात रंग उडणारी सुशोभने यांवर खर्च होताना हा आक्षेप कोणी घेत नाही. पाण्याच्या पैशातून गाण्यास द्या असे आम्ही म्हणत नाही. शोभेच्या पैशातून द्या, असे म्हणतो.

श्रवणगृह उभे राहील तेव्हा राहो. दोन गोष्टी मात्र या महिन्यापासूनही होण्यासारख्या आहेत. महापालिकेच्या शाळांतील सभागृहे शनिवारी सायंकाळी सहा ते नऊ या वेळात अल्प शुल्क घेऊन परिसरातील भजनी मंडळे, संगीतवर्ग आणि हौशी गायक यांस पाळीपाळीने द्यावीत. पाळी ठरविण्यासाठी गावठाणातील दोन, नव्या वस्तीतील दोन आणि एखादा संगीतशिक्षक अशी लहानशी समिती पुरेल. ध्वनिक्षेपक लावावयाचा नाही, ही अट पहिल्या दिवसापासून असावी. अडीचशे माणसांस तो लागत नाही. ढोलपथकांसाठी वस्तीपासून दूरची एक जागा आणि तिच्या वेळा पावसाळ्यापूर्वी जाहीर कराव्यात, म्हणजे ऐन गणेशोत्सवाच्या तोंडावर पोलिसांस धावावे लागणार नाही. यासाठी नवी इमारत नको, नवा ठराव फार तर एक लागेल. शाळेच्या सभागृहाची किल्ली शनिवारी सायंकाळी कोणाकडे असावी, याचा निर्णय प्रभाग कार्यालयाने या आठवड्यात केला तरी पहिले भजन पुढच्या शनिवारी होऊ शकते.