‘वय झालं’ हे निदान नव्हे



मोशी-चिखलीपासून चाकणपर्यंतच्या सोसायट्यांत साठीपुढच्या बायका एकत्र बसल्या की केसांचा विषय निघतोच. विंचरताना पुंजकेच्या पुंजके हातात येतात. घरचे म्हणतात, ‘वय झालं’. शेजारीण म्हणते, ‘टँकरचं पाणी’. तपासणी कुणीच करत नाही, माझी तक्रार ती आहे.

डिसेंबर २०२४-जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड अशा गावांत काही दिवसांत माणसांना टक्कल पडले. पहिला संशय पाण्यावर गेला आणि पाण्यात नायट्रेट जास्त निघालेही. पण महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांचे रक्त, लघवी, केस आणि रेशनचा गहू तपासून घेतला, तेव्हा त्यांना केसगळती घडवण्याइतके जादा सेलेनियम सापडले. स्थानिक गव्हापेक्षा त्या गव्हात ते सुमारे सहाशे पट होते, असे त्यांनी सांगितले. पाण्यावर खापर फोडून सगळे थांबले असते, तर गहू कुणी तपासलाच नसता.

तिथे तरुणांनाही टक्कल पडले, म्हणून यंत्रणा धावली. आपल्याकडे आजीचे केस हळूहळू विरळ होतात, त्याची नोंद कोण घेणार?

थायरॉइड, लोहाची कमतरता, पाळी गेल्यानंतरचे बदल, आनुवंशिकता ही कारणे आधी तपासलीच पाहिजेत. डेंगी किंवा टायफॉइडनंतर दोन-तीन महिन्यांनीही केस गळतात. जड पाण्याने केस कोरडे होऊन मध्येच तुटतात, ते मुळापासून गळण्यापेक्षा वेगळे. हा फरक त्वचारोगतज्ज्ञ सांगू शकतात. कारखान्यांना दोषी ठरवूनच मी हे पत्र लिहायला बसलेले नाही.

पण या पट्ट्यात प्लेटिंगची आणि रंगकामाची युनिट्स आहेत, भंगाराची गोदामे वर्षानुवर्षे होती, इंद्रायणीवर फेस येतो. २०१९ च्या अखेरीपासून पिंपरी-चिंचवड शहराला महापालिकेचे पाणी दिवसाआड मिळते. उरलेली गरज बोअर आणि टँकर भागवतात. मुले-सुना दिवसभर कंपनीतले पाणी पितात, आजी मात्र घरातलेच.

सोसायटीत टीडीएसचे पेन बुडवून ‘पाणी चांगलं आहे’ असे सांगितले जाते. ते पेन विरघळलेल्या क्षारांचा ढोबळ अंदाज देते. प्लेटिंगमध्ये वापरल्या जाणाऱ्या क्रोमियमची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. तिच्या दसपट क्रोमियम असले तरी पेनला कळणार नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी.

म्हणून महापालिका, एमआयडीसी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने टँकर भरण्याच्या ठिकाणांचे आणि सोसायट्यांच्या बोअरचे पाणी वर्षातून दोनदा क्रोमियम, निकेल, आर्सेनिक, शिसे आणि सेलेनियमसाठी तपासावे, आणि आकडे प्रभागवार जाहीर करावेत. एकाच इमारतीतल्या तीन-चार बायका केस गळण्याची तक्रार घेऊन आल्या, तर महापालिकेच्या दवाखान्यांनी ती आरोग्य विभागाला कळवावी. या पावसाळ्याआधी पहिले नमुने घेतले जावेत.

– एक ज्येष्ठ वाचक, मोशी