अराता कोण रे?

परवा रात्री मेसमध्ये नेहमीचा वाद पेटला. मेस्सी की रोनाल्डो! टेबलावर ताटं आपटली, आमटी सांडली. मी मध्येच विचारलं, "अराता इझुमी माहितीये का कुणाला?" एक जण म्हणाला, "अॅनिमेमधला का?"

नाही मित्रांनो, हा आपल्या पुण्यातला! म्हणजे जन्म जपानचा, आई जपानी, वडील गुजराती. पण २००९ पासून काही वर्षं तो बालेवाडीत पुणे एफसीकडून खेळला. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये पुण्याचा संघ दुसरा आला, तेव्हा मिडफिल्डला हाच होता. भोरहून बालेवाडी ती किती लांब? पण आपल्या भागात त्याचं नाव पोचलंच नाही.

जपानी फुटबॉलपटू म्हटलं की जाणकारांना नाकाता आठवतो. २००१ मध्ये रोमाबरोबर इटलीची लीग जिंकला, २००६ च्या वर्ल्डकपनंतर एकोणतिसाव्या वर्षीच थांबला. त्याची कीर्ती रास्तच आहे. अराता त्या दर्जाचा नव्हता, हे मी पण मान्य करतो. पण त्याने जे केलं ते नाकाताला कधी करावं लागलं नाही. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व चालत नाही. भारताकडून खेळायचं म्हणून पठ्ठ्याने जपानचा पासपोर्ट सोडला, नीलकंठ खंभोळजा हे नाव घेतलं आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये कोचीत पॅलेस्टाईनविरुद्ध भारताच्या जर्सीत उतरला. आणि आपण? फर्स्ट इयरपासून जीआरईची पुस्तकं उशाला घेऊन झोपतो! (मी पण झोपतो, उगाच खोटं कशाला बोलू.)

आपल्या लोकांना कदर नाही असं म्हणणं चूक ठरेल. भोर-वेल्ह्याकडच्या कुठल्याही जत्रेत बघा, कुस्ती मारणाऱ्या पोराला फेटा बांधतात आणि वर्षभर त्याचं नाव पारावर निघतं. कारण ती कुस्ती लोकांनी समोर बसून पाहिलेली असते. अराताला तेवढंच मिळालं नाही. टीव्हीवर रात्री दीड वाजता युरोपची मॅच घरबसल्या दिसते; बालेवाडीला जायचं तर परतीची शेवटची एसटी चुकते. पुढे तर पुणे एफसी बंद पडली, २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीही गेली. आता पाहायला जायचं म्हटलं तरी जाणार कुठे?

२०२५ मध्ये रायन विल्यम्सने भारतासाठी ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडला, तेव्हा पेपरात अराताचं नाव परत आलं. तोवर तो निवृत्त होऊन पोरांना फुटबॉल शिकवायला लागला होता.

असो. त्या रात्री मेसमध्ये मोबाईलवर त्याचे जुने गोल लावले. जेवण गार झालं, पण तिघांनी शेवटपर्यंत पाहिले. चौथा मात्र अजून मेस्सीवरच होता.