पाय पायरीवर असताना बस हलली तर जबाबदारी कोणाची?

9 डिसेंबर 2024 च्या रात्री कुर्ला पश्चिमेला एस. जी. बर्वे मार्गावर बेस्टची भाड्याची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली. त्यानंतर बरेच दिवस चालकांचं प्रशिक्षण, ठेकेदार, देखभाल यावर चर्चा झाली. व्हायलाच हवी होती. पण शहर बसचा एक रोजचा धोका असा आहे की त्याची बातमीच होत नाही. तो म्हणजे चढता-उतरताना पडणं. खाला उतरत असतात, एक पाय पायरीवर, एक हवेत, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात नातवाचं बोट, आणि बस हलते. हाड मोडतं. लोक म्हणतात, "या वयात सांभाळून उतरायला हवं होतं." घरचेही तेच म्हणतात आणि मामला तिथेच मिटतो.

कायदा मात्र असं म्हणत नाही. महाराष्ट्र मोटार वाहन नियम, 1989 नुसार प्रवासी चढवता-उतरवताना चालकाने गाडी सुरक्षित आणि सोयीच्या जागी, पुरेसा वेळ थांबवली पाहिजे. थांब्यावर आधीच दुसरी बस उभी असेल तर तिच्या पुढे किंवा मागे, रस्त्याच्या डाव्या बाजूला थांबायचं. तिच्या बाजूला गाडी लावून चढणाऱ्या-उतरणाऱ्यांना अडचणीत आणायचं नाही. यातला "पुरेसा वेळ" हा शब्द मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कॉलेजच्या पोराला दोन सेकंद पुरतात, गुडघे धरलेल्या बाईला दहाही कमी पडतात. तेव्हा किती वेळ पुरेसा, हे उतरणाऱ्याकडे बघून ठरलं पाहिजे, बसच्या वेळापत्रकाकडे बघून नाही.

मग अडतं कुठे? हा नियम गृहीत धरतो की बस फुटपाथला लागून उभी राहील. आपल्याकडे थांब्यावर रिक्षा उभ्या, त्यांच्यामागे टेम्पो. बस थांब्याजवळ पार्किंगला मनाई आहे, पण ती पाळतो कोण? बस दुसऱ्या लेनमध्ये थांबते, प्रवासी भर रस्त्यात उतरतो आणि बस व फुटपाथ यांच्यामधल्या फटीतून मोटरसायकल येते. या मोटरसायकलवाल्यालाही कायद्याची सूट नाही. 2017 च्या वाहनचालन विनियमांनुसार मोजके अपवाद सोडले तर ओव्हरटेक उजवीकडूनच करायचं. नियम मोडून ओव्हरटेक करणं हे 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 184 खाली धोकादायक वाहनचालन ठरू शकतं. त्याला पहिल्या वेळी 1000 ते 5000 रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. जर्मनीच्या वाहतूक नियमांत तर हे एकाच कलमात स्पष्ट आहे. थांब्यावर लोक चढत-उतरत असतील तर त्या बाजूने फक्त पायी चालण्याच्या वेगाने जायचं, गरज पडली तर थांबायचं. आपल्याकडे हेच संरक्षण चार ठिकाणी विखुरलेलं आहे, म्हणून ना पोलिसाच्या तोंडी आहे, ना ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कोणी शिकवतं.

दुसरी गोष्ट कंडक्टरची. सगळे उतरले, सगळे चढले हे पाहून डबल बेल द्यायची, मग बस हलायची, ही जुनी पद्धत होती. आता काही मार्गांवर कंडक्टर थांब्यावर तिकीट देतो आणि बसमध्ये एकटा ड्रायव्हर. दोघांची जिम्मेदारी एका आरशावर आली. गर्दीच्या वेळी त्या आरशात मागच्या दाराच्या पायरीवरचं मूल किंवा अडकलेला बुरख्याचा घेर दिसतोच असं नाही. खर्च वाचला, हे मान्य. पण दारावरची नजर गेली तिची भरपाई कशाने केली, हे आपल्या नगरसेवकांनी विचारायला हवं.

"बस ठेकेदाराची, आमची नाही," असं उत्तर मिळालं तर गप्प बसू नका. राजस्थान परिवहन महामंडळाच्या खटल्यात (कैलाशनाथ कोठारी, 1997) सर्वोच्च न्यायालयाने भाड्याच्या बसबद्दलही महामंडळाला जबाबदार धरलं, कारण बस त्याच्या ताब्यात आणि नियंत्रणात चालत होती. उत्तर प्रदेशच्या कुलसुम प्रकरणात (2011) अशाच बसच्या विमा कंपनीवर भरपाईची जबाबदारी टाकली. म्हणून दाव्यात चालक, मालक, परिवहन उपक्रम आणि विमा कंपनी, सगळ्यांची नावं घाला. आपसात कोणी किती द्यायचं ते न्यायाधिकरण बघेल.

कलम 164 खाली चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. जास्त भरपाई हवी असेल तर कलम 166 खाली दावा करून निष्काळजीपणा दाखवावा लागतो.

इथे आपल्या पोरांची बाजूही येते. शाळा सुटल्यावर फुटबोर्डवर लटकणारी मुलं मी रोज बघते. कलम 123 नुसार त्यांना तसं नेणारा चालक दोषी आणि लटकणारा प्रवासीही. चालत्या बसमध्ये उडी मारून चढणाऱ्याचा दावा टिकला तरी त्याच्या स्वतःच्या चुकीचा वाटा भरपाईतून वजा होऊ शकतो. थांबलेल्या बसमधून उतरताना पडलेल्या आजीची गोष्ट वेगळी आहे. दोघांना एकाच मापाने मोजू नये.

अपघात झालाच तर घरी नेऊन हळद-तेल लावत बसू नका. सरकारी दवाखान्यात नोंद करा, पोलिसांत तक्रार द्या, बसचा नंबर, मार्ग आणि वेळ लिहून ठेवा, तिकीट जपा. कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवण्याची मागणी त्याच आठवड्यात लेखी करा, कारण जुनं चित्रण पुसलं जातं. 2022 पासून कलम 166 च्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर राहू नका. दावा अपघाताच्या शहरातच करावा लागतो असंही नाही. खाला मुंबईत पडल्या आणि राहतात मालेगावला, तर त्यांच्या भागातल्या न्यायाधिकरणातही तो दाखल होतो.