फेटा दिसला की सरदार? जुन्या छायाचित्रांतील गणवेशांविषयी

१/ बारामती-इंदापूरकडच्या एखाद्या घरातील पेटीतून जुने छायाचित्र निघते. फेटा, कमरपट्टा, तलवार, पिळदार मिशा. दुसऱ्या दिवशी ते समाजमाध्यमांवर 'पेशव्यांचा सरदार' किंवा 'सत्तावनचा क्रांतिवीर' म्हणून फिरू लागते. या नामकरणात अभिमान असतो; इतिहास नसतो.

२/ पहिली कसोटी सालाची. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. छायाचित्रणाची कला जगासमोर आली १८३९ मध्ये. मालोजीराजांच्या इंदापुरात आणि बाबूजी नाईकांच्या बारामतीत पराक्रम घडला, पण तो टिपायला कॅमेरा नव्हता.

३/ दुसरी कसोटी रंगाची. १८५० नंतर तीसेक वर्षे प्रचलित असलेल्या ओल्या कलोडियनच्या काचा लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. निळा मात्र त्यांवर फिकट उमटे. मुंबई लष्कराच्या पायदळाचा लाल डगला त्यामुळे काळसर दिसतो. 'काळा डगला, म्हणजे अमुक पलटण' हा तर्क तिथेच कोसळतो. आणि अ‍ॅपने रंगवलेली प्रत हा पुरावा नव्हे, तो यंत्राचा अंदाज आहे.

४/ तिसरी कसोटी अंकाची. १९०३ मध्ये पलटणींचे क्रमांक बदलले. मुंबई पायदळाच्या जुन्या आकड्यात शंभर मिळवले गेले: पाचवी पलटण १०५ वी झाली, दहावी ११० वी. खांद्यावर ११० हा पितळी अंक दिसत असेल, तर ते छायाचित्र एकोणिसाव्या शतकातले असूच शकत नाही.

५/ चौथी कसोटी पट्ट्याची. गणवेश घालणारा प्रत्येक जण सैनिक नसे. मामलेदार कचेरीचा पट्टेवाला तिरका पट्टा आणि पितळी बिल्ला मिरवी. पोलीस शिपायालाही गणवेश होता. बिल्ल्यावरील अक्षरे भिंगाखाली वाचण्याआधी 'लढवय्या' ठरवण्याची घाई कशाला?

६/ यावर उत्तर ठरलेले: "अभिमान बाळगला तर बिघडले काय?" बिघडते ते असे. मुंबई लष्करात मराठा, महार, मुसलमान असे अनेक समाजांचे शिपाई होते. १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती बंद झाली. १८९४ मध्ये निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. लाल डगल्यातला तो माणूस मराठा असेल, महार असेल, मुसलमान असेल. डगल्यावरून जात कळत नाही. परंतु त्याला 'सरदार' ठरवले की या शक्यता पुसल्या जातात. ज्यांना सरकारने पलटणीतून वगळले, त्यांना आता आपण छायाचित्रांतूनही वगळतो.

७/ शिवाय सरदार नसलेला पूर्वज कमी प्रतीचा असतो काय? १८६८ मध्ये मुंबईहून जहाजाने अ‍ॅबिसिनियाच्या मोहिमेवर गेलेला, किंवा १८८० मध्ये मैवंदच्या रणात मुंबई ग्रेनेडियर्सच्या रांगेत उभा राहिलेला साधा शिपाई कोणत्याही कल्पित सरदाराहून अधिक खरा आहे.

८/ म्हणून छायाचित्राची मागची बाजूही स्कॅन करावी; स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. पेटीत पदक किंवा पेन्शनचा कागद आहे का ते पाहावे. पदकावर पुष्कळदा नाव आणि पलटण कोरलेली आढळते. तरीही ओळख पटली नाही, तर खाली 'अनोळखी शिपाई' एवढेच लिहावे. खोट्या नावापेक्षा ती रिकामी जागा बरी. खरे नाव सापडले, तर ते लिहायला ती मोकळी राहते.