पाखाडी तोडून रस्ता

संगमेश्वर हे पायी चालणाऱ्यांनी वसवलेले गाव. शास्त्री आणि सोनवी या नद्यांचा संगम, त्यालगतची बाजारपेठ, उतारावरची जांभ्या दगडाची घरे आणि त्या घरांना खाली आणणाऱ्या पाखाड्या. कोकणी माणसाला पाखाडी समजावून सांगावी लागत नाही. म्हातारा माणूस दम घेण्यासाठी मधल्या पायरीवर टेकतो, शाळेची मुले घसरत-उड्या मारत उतरतात, आणि दळण घेऊन निघालेल्या बाईला वाटेत चार घरांची ख्यालीखुशाली कळते. नगररचनेचे तज्ज्ञ आज ‘पायी चालण्याजोगी वस्ती’ म्हणतात, ती आमच्या पूर्वजांनी कोणताही आराखडा न काढता उभी केली होती.

मुंबई-गोवा महामार्ग, पूर्वीचा क्रमांक १७ आणि आताचा ६६, याच गावातून जातो. त्याचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले, त्यावर वृत्तपत्रांचे रकाने भरले. खड्डे, धूळ, ठेकेदार! तक्रार खरीच आहे. परंतु ती वाहनात बसलेल्यांची आहे. रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाची तक्रार कोणी मांडली? डोंगर उभा कापला की पाखाडी अधांतरी लोंबकळते. मग पाच मिनिटांच्या वाटेसाठी रिक्षाला पैसे मोजावे लागतात, आणि यालाच आपण प्रगती म्हणतो.

रुंद रस्त्याने बाजार वाढतो, असे सांगणाऱ्यांना आमचा साधा प्रश्न आहे: भरधाव जाणारी गाडी तुमच्या दुकानापाशी थांबते काय? गिऱ्हाईक शेवटी पायांनीच दुकानाची पायरी चढते. स्पेनमधील पोन्तेवेद्रा या शहराने १९९९ पासून जुन्या वस्तीतून मोटारी हटवल्या, आणि ते गाव ओस पडले नाही. इतक्या दूर कशाला, आपले माथेरान मोटारींना वेशीवर थोपवूनच जगले.

आणि हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील ३२,८२५ पादचारी होते. इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका निवासी भागातही पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर मागते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. तेव्हा पदपथ मागणारा माणूस भीक मागत नाही.

आपणही सोवळे नाही. लग्नाच्या दिवशी चर्चच्या फाटकासमोर गाड्यांची अशी रांग लागते की चालत आलेल्या आजीबाईंना गटाराच्या कडेने मिस्सेला यावे लागते. मी स्वतः अनेकदा हाकेच्या अंतरावरील आजाऱ्याला भेटायला मोटारसायकल काढली आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात शहरांतील मोटारींचा प्रश्न स्पष्ट मांडला; आम्हा धर्मगुरूंच्या प्रवचनांत तो कितीदा आला?

येत्या ग्रामसभेत धर्मग्रामातील कुटुंबांनी जाऊन बसावे. कापलेल्या प्रत्येक पाखाडीची यादी द्यावी. शाळा, एस.टी. स्थानक आणि दवाखाना यांसमोर गाड्यांचा वेग रोखणारे, म्हाताऱ्याच्या चालीने ओलांडता येतील असे मार्ग मागावेत. उंच पादचारी पूल दाखवून कोणी समजूत घालू लागला, तर त्याला गुडघे दुखणाऱ्या एखाद्या आजोबांसोबत तो एकदा चढायला सांगावा.