विश्लेषण : गुन्हा घडण्याआधीच गुन्हेगार ठरवता येतो का? ‘मायनॉरिटी रिपोर्ट’मधला प्रश्न आज महत्त्वाचा का?

माणूस उद्या काय करणार हे आज कळले, तर त्याला आजच अटक करावी का? स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या २००२च्या ‘मायनॉरिटी रिपोर्ट’ या चित्रपटातला हा प्रश्न तेव्हा निव्वळ कल्पनारंजन वाटला होता. मात्र गुन्ह्यांचे भाकीत करणाऱ्या संगणकप्रणाली आल्यापासून इच्छास्वातंत्र्याचा जुना तात्त्विक वाद थेट पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचला आहे.

चित्रपटात काय आहे?

फिलिप के. डिक यांच्या १९५६च्या कथेवर बेतलेला हा चित्रपट २०५४च्या वॉशिंग्टनमध्ये घडतो. भविष्य दिसणाऱ्या तीन व्यक्तींच्या मदतीने पोलीस खुनाआधीच संशयिताला पकडतात. शहरात सहा वर्षे एकही खून झालेला नाही. एक दिवस याच पथकाचा प्रमुख जॉन अँडरटन (टॉम क्रूझ) याचे नाव भावी खुनी म्हणून समोर येते.

इच्छास्वातंत्र्याचा पेच कुठे?

एका प्रसंगात अँडरटन चेंडू घरंगळत सोडतो आणि समोरचा अधिकारी तो झेलतो. चेंडू झेलला म्हणून तो पडणार नव्हता असे होत नाही, हा अँडरटनचा युक्तिवाद. पण आपण पडणार हे चेंडूला कळत नाही, माणसाला कळू शकते. पुढे ‘ठरलेल्या’ क्षणी अँडरटन पिस्तूल रोखतो, पण गोळी झाडण्याऐवजी समोरच्याला अटक करू लागतो. तो माणूस मरतो, पण अँडरटनच्या हातातले पिस्तूल स्वतःच ओढून. दृश्य भाकितासारखेच, पण खून नाही.

अस्तित्ववादी विचारवंत ज्याँ-पॉल सार्त्र यांच्या मते माणूस आधीच ठरलेला नसतो, तो आपल्या निवडीतून घडतो. यावर नियतिवादी म्हणतील, भाकीत कळणे हेही निर्णयामागचे एक कारणच. पण हे मान्य केले तरी एक गोष्ट उरते. भाकीत कळल्याने माणूस बदलू शकत असेल, तर त्याला ती संधी न देता शिक्षा देणे अन्यायाचेच ठरते.

प्रत्यक्षात काय घडले?

खऱ्या प्रणालींना भविष्य दिसत नाही. त्या जुन्या नोंदी मोजतात. ज्या वस्तीत पोलिसांची नजर जास्त, तिथल्या नोंदी जास्त आणि पुढचे भाकीतही त्याच वस्तीचे. शिकागो पोलिसांनी गोळीबाराशी संबंध येण्याची शक्यता असलेल्या व्यक्तींना गुणांक दिले होते. टीकेनंतर ही पद्धत बंद झाली. लॉस एंजेलिस पोलिसांनी २०२०मध्ये ‘प्रेडपोल’चा वापर थांबवला. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२५पासून, केवळ स्वभाववैशिष्ट्यांवरून एखादी व्यक्ती गुन्हा करेल असे ठरवणाऱ्या एआय प्रणालींवर बंदी आहे.

महाराष्ट्राशी संबंध काय?

राज्य सरकारने २०२४मध्ये पोलिसांसाठी ‘मार्व्हल’ ही एआय कंपनी स्थापन केली. दुसरीकडे, १९८१च्या ‘एमपीडीए’ कायद्याखाली ‘पुढे उपद्रव करेल’ या कारणावरून एखाद्याला खटल्याविना कमाल एक वर्ष स्थानबद्ध करता येते. मात्र या आदेशाची कारणे संबंधिताला कळवावी लागतात, त्याला त्याविरुद्ध निवेदन देता येते आणि सल्लागार मंडळ प्रकरण तपासते. उद्या अशा आदेशामागे यंत्राने दिलेला गुणांक आला, तर त्याची कारणे कोण समजावून सांगणार, हा खरा प्रश्न आहे. कारण कोठडीत असलेल्या माणसाला आपल्याबद्दलचे भाकीत खोटे ठरवून दाखवता येत नाही.