हत्याराचे मोल

मृग नक्षत्र जवळ आले की वऱ्हाडातील आठवडी बाजारांना निराळेच रूप येते. भाजीपाल्याच्या आणि कापडाच्या दुकानांबरोबर विळे, खुरपी, कुऱ्हाडी, कुदळी आणि फावडी यांचे ढीग रस्त्याच्या कडेला लागतात. एका ढिगात पत्र्यापासून यंत्रावर कापून काढलेली, रंग दिलेली, हलकी आणि स्वस्त खुरपी असतात. शेजारी गावचा लोहार आपल्या भट्टीतून काढलेली काळसर खुरपी मांडून बसतो. त्यांची किंमत दुपटीने अधिक असते. मोठ्या गावातील दुकानात तर नामांकित कारखान्याचा शिक्का असलेली हत्यारे काचेच्या कपाटात ठेवलेली असतात आणि त्यांची किंमत ऐकूनच पुष्कळजण मागे फिरतात. काम तर तिन्हींचे एकच! मग अधिक पैसे देऊन महाग हत्यार का घ्यावे? हा प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही. ज्यांचे पोट हातावर आहे, त्यांच्या दृष्टीने तो दररोजच्या भाकरीचा प्रश्न आहे.

स्वस्त हत्याराची बाजू घेणारे लोक काय म्हणतात, ते आधी नीट ऐकून घेऊ. त्यांचे म्हणणे असे, की काम हत्यार करीत नाही, हात करतो. ज्याला कसब अवगत आहे, तो साध्या वाकसानेही लाकूड सुबक तासतो. ज्याला ते अवगत नाही, त्याच्या हाती सोन्याचा रंधा दिला तरी फळी खडबडीतच राहते. 'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण अशांसाठीच जन्माला आली. या म्हणण्यात सत्य आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या संत गाडगेबाबांचे उदाहरण आपणां सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्याजवळ हत्यार होते ते एकच, खराटा! ज्या गावी जावे तेथील रस्ते त्यांनी आधी झाडावेत आणि मग कीर्तनातून लोकांची मने झाडावीत. खराट्याहून स्वस्त हत्यार कोणते असेल? तथापि त्या खराट्याने जे कार्य केले ते मोठमोठ्या यंत्रांनाही साधले नसते. तेव्हा हत्याराची थोरवी त्याच्या किमतीत नसते, हे अगदी खरे.

परंतु येथेच थांबून चालणार नाही. मोठ्या माणसाने साध्या साधनाने मोठे काम केले, एवढ्यावरून सर्वांनी निकृष्ट साधने वापरावीत, असा निष्कर्ष निघत नाही. साधे असणे निराळे आणि निकृष्ट असणे निराळे. गाडगेबाबांचा खराटा साधा होता. तो निकृष्ट असता, दोन हात झाडताच त्याच्या काड्या गळून पडल्या असत्या, तर गाव स्वच्छ झाले नसते. 'साधे' आणि 'निकृष्ट' या दोन शब्दांतील भेद ज्याला कळला, त्याला हत्यारांच्या बाजारातील अर्धे शहाणपण आले असे समजावे.

आता चांगले हत्यार महाग का असते ते पाहू. लोखंडात कर्बाचे प्रमाण अगदी थोडे असले तर ते मऊ राहते. त्याची धार टिकत नाही आणि पाते वाकते. कर्बाचे प्रमाण योग्य असले म्हणजे ते पोलाद होते. पण नुसते पोलाद असून भागत नाही. लोहार पाते भट्टीत लाल होईपर्यंत तापवतो आणि मग पाण्यात किंवा तेलात बुडवतो. यालाच 'पाणी देणे' असे म्हणतात. या क्रियेने पाते कठीण होते, परंतु ते काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून त्याला पुन्हा बेताची आच द्यावी लागते. आच कमी पडली तर पाते फुटते, अधिक झाली तर ते पुन्हा मऊ पडते. पात्यावर उमटणाऱ्या रंगाच्या छटेवरून कुशल लोहार ती वेळ ओळखतो. ही ओळख पुस्तक वाचून येत नाही; ती वर्षानुवर्षे भात्यापुढे बसून येते. आपले पुष्कळसे लोहार मोटारीच्या जुन्या कमानपट्ट्यांपासून विळे आणि खुरपी घडवतात, कारण त्या पट्ट्यांचे पोलाद मुळातच उत्तम असते. तेव्हा चांगल्या खुरप्यासाठी आपण जी अधिक किंमत मोजतो, ती धातूची, कोळशाची आणि त्याहूनही अधिक त्या लोहाराच्या पारखी नजरेची किंमत असते.

आता थोडा हिशेब मांडू. समजा, एक खुरपे साठ रुपयांना मिळते आणि एका हंगामात झिजून जाते. दुसरे दीडशे रुपयांना मिळते आणि चार हंगाम टिकते. चार वर्षांत पहिल्या प्रकारची चार खुरपी घ्यावी लागतील. त्यांना दोनशे चाळीस रुपये पडतील. म्हणजे जे स्वस्त वाटले तेच नव्वद रुपयांनी महाग पडले! पण हिशेब येथेच संपत नाही. बोथट खुरप्याने निंदण करणाऱ्या बाईला एकाच तणावर दोनदा घाव घालावा लागतो. तिचे मनगट लवकर दुखू लागते आणि धार लावण्यासाठी तिला वारंवार उठावे लागते. काम गुत्त्याने घेतलेले असेल, तर जेवढी जमीन कमी निंदली जाते तेवढी मजुरीही कमी मिळते. हे नुकसान दुकानदाराच्या पावतीवर कोठेच लिहिलेले नसते; ते त्या बाईच्या हाताला आणि तिच्या चुलीला सोसावे लागते. कुऱ्हाडीचा दांडा सैल असला तर पाते निसटून कोणाच्या तरी पायावर पडते. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण निराळ्या अर्थाने सांगतात. पण सैल दांडा मात्र अक्षरशः काळ ठरू शकतो. ज्या हत्याराच्या दोषाने अंगाला इजा होते, ते फुकट मिळाले तरी महागच होय.

हत्याराची किंमत आयुष्याशी आणि निगेशी ताडून पाहावी, हा विचार आपल्या देशात फार स्पष्टपणे मांडला गेला, तो चरख्याच्या बाबतीत. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. चरखा खेड्यातील झोपडीत चालवता यावा, एखाद्या बाईला त्यावर फारसे न थकता आठ तास काम करता यावे आणि तेवढ्या वेळात सोळा हजार फूट सूत निघावे. चरख्याची किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी. वेळच्या वेळी निगा राखली तर तो वीस वर्षे चालावा, आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या शेकडा पाचांहून अधिक होऊ नये. आता गणित करून पाहा. किंमत दीडशे, दुरुस्ती वर्षाला साडेसात रुपये, म्हणजे वीस वर्षांत आणखी दीडशे. एकूण तीनशे रुपयांत वीस वर्षांचे काम. दर वर्षाला फक्त पंधरा रुपये! किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानेही या स्पर्धेसाठी एक यंत्र तयार केले होते. परंतु सर्व अटी पूर्ण न झाल्यामुळे ते बक्षीस अखेर कोणालाच मिळाले नाही. स्वस्त, टिकाऊ, सोपे आणि भरपूर काम देणारे हत्यार एकाच वेळी बनवणे किती कठीण आहे, याची साक्ष त्या न दिलेल्या बक्षिसाने दिली. पण केवळ विक्रीची किंमत न पाहता, कामकऱ्याचे श्रम, हत्याराचे आयुष्य आणि दुरुस्ती या सर्वांचा एकत्र विचार करावा, ही दृष्टी त्या अटींनी दिली. ती आजही जुनी झालेली नाही.

किर्लोस्करवाडीचा उल्लेख आला, तेव्हा तेथील नांगराची हकिकतही सांगितली पाहिजे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी लोखंडी नांगर बनवले, तेव्हा शेतकरी ते घ्यायला धजत नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी भीती पुष्कळांना वाटत होती. घरच्या बाभळीच्या लाकडाचा नांगर गावातच तयार होत असताना विकतचा लोखंडी नांगर घ्यायचा कशाला, असाही विचार असेल. परंतु लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो, तर लोखंडी नांगर माती खोलवरून उचलून पालथी घालतो. हरळी आणि कुंदा यांसारख्या चिवट तणांची मुळे वर आणायची तर खोल नांगरणीच हवी. हा अनुभव आल्यावर शेतकऱ्यांची भीती हळूहळू मावळली. औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि तेथील नांगर दूरदूर जाऊ लागले. ज्या हत्याराने काम खरोखर सुधारते, त्याची अधिक किंमत लोक शेवटी आनंदाने देतात.

मात्र येथे एक सावधगिरीची सूचना देणे आवश्यक आहे. चांगले हत्यार बहुधा महाग असते, म्हणून महाग हत्यार चांगलेच असेल, असे समजू नये. पुष्कळदा आपण चकचकीत मुलाम्याचे, रंगीत मुठीचे आणि जाहिरातीतील नावाचे पैसे देतो. खरे हत्यार पारखण्याच्या रीती निराळ्या आहेत. पाते आणि दांडा यांचा सांधा घट्ट आहे काय? मूठ आपल्या हाताच्या मापाची आहे काय? धार एकसारखी आहे काय? मोडलेला भाग बदलता येईल काय, आणि ते दुरुस्त करणारा जवळपास कोणी आहे काय? उत्तर प्रदेशातील मेरठ शहराच्या कात्र्या या दृष्टीने प्रसिद्ध आहेत. त्या भंगारातील पोलादापासून हाताने घडवतात. त्यांना पुन्हा पुन्हा धार लावता येते आणि त्या दुरुस्तही करता येतात. आजोबांनी घ्यावी आणि नातवाने वापरावी, अशी त्या कात्रीची ख्याती आहे. २०१३ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. भंगारातून जन्मलेली वस्तू तीन पिढ्या टिकते आणि दिखाऊ वस्तू एका पावसाळ्यात गंजते, हा भेद डोळ्यांत भरण्यासारखा आहे.

तेव्हा नियम कोणता करावा? माझे मत असे आहे. ज्या हत्यारावर आपले पोट अवलंबून आहे, जे रोज हातात धरावे लागते, ते आपल्या ऐपतीत बसेल तेवढे उत्तम घ्यावे. सुताराचा रंधा, गवंड्याची थापी, चांभाराची रापी, न्हाव्याचा वस्तरा, शिंप्याची कात्री आणि मजुराचे खुरपे ही या वर्गात मोडतात. जे हत्यार वर्षातून दोनदा भिंतीत खिळा ठोकण्यासाठी लागते, ते साधे आणि स्वस्त असले तरी चालेल. किंबहुना शेजाऱ्याकडून मागून आणले तरी त्यात कमीपणा नाही. परंतु मिरवण्यासाठी कर्ज काढून भारी हत्यार घेणे म्हणजे ऋण काढून सण करण्यासारखे आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे, हेच खरे.

पण ज्याचे अंथरूणच अपुरे आहे, त्याने काय करावे? दीडशे रुपयांचे खुरपे शेवटी स्वस्त पडते, हे त्या मजूर बाईलाही कळते. पण तिच्या पदरी आज साठच रुपये असतात. ती स्वस्त खुरपे घेते ते अज्ञानामुळे नव्हे, नाइलाजामुळे. गरिबाला गरिबीचीही किंमत मोजावी लागते, ती अशी! म्हणून हा प्रश्न केवळ घेणाऱ्याचा नाही, काम करवून घेणाऱ्याचाही आहे. जो दुसऱ्याच्या श्रमाचे फळ घेतो, त्याने त्या श्रमासाठी चांगले साधन पुरवावे, हा न्याय आहे. रस्ता झाडणाऱ्याच्या हाती आखूड खराटा दिला तर त्याला दिवसभर कंबरेत वाकून झाडावे लागते. त्यालाच लांब दांडा बसवला तर तो ताठ उभा राहून काम करू शकतो. दांड्याला पडणारे पैसे थोडे असतात आणि त्या पैशांत एका माणसाची पाठ वाचते. गाडगेबाबांच्या नावाने स्वच्छतेच्या मोहिमा काढणाऱ्या गावांनी आपल्या सफाई कामगारांच्या हातांत कोणता खराटा आहे, याकडे आधी पाहावे. एकट्याला न परवडणारी हत्यारे चार घरांनी मिळून घ्यावीत, गावाने किंवा शाळेने सामाईक ठेवावीत, हाही एक मार्ग आहे.

मुलांनो, शेवटची गोष्ट तुमच्या हातची आहे. उत्तम हत्यारही निगेवाचून टिकत नाही. काम संपले की पाते पुसावे, त्याला तेलाचे बोट लावावे, धार पाजळून ते कोरड्या जागी ठेवावे आणि मागून आणलेले हत्यार आणले त्याहून स्वच्छ करून परत द्यावे. आपल्याकडे दसऱ्याला शस्त्रांबरोबर अवजारांचीही पूजा करतात. त्या दिवशी वाकस, करवत आणि कानस यांनाही हळदकुंकू वाहतात. ही पूजा वर्षातून एकदा फुले वाहून पूर्ण होत नाही. हत्यार रोज नीट राखल्यानेच ती पूर्ण होते. दुकानात हत्याराची किंमत ठरते. त्याचे मोल ठरते ते त्याला धरणाऱ्या हातात आणि त्या हाताचा मान राखणाऱ्या समाजात.